लिस्ट्राची बोट आणि माझा खांदा

मी फिट्झरॉय क्वामिना. आमच्या बेटावरच्या कॅरेनाज गावच्या किनाऱ्यावर माझी पिरोग असते, लांबट लाकडी होडी, मागे एक म्हातारं इंजिन. आठवडाभर मी मासे धरतो. विल्यम्स बे नावाच्या उपसागरात रिमोटवर चालणाऱ्या छोट्या बोटींची शर्यत असली की रविवारी तिथं जातो आणि मध्येच बंद पडलेल्या बोटी पाण्यातून उचलून त्यांच्या मालकांना आणून देतो. आज मी हे सांगायला शिल्लक आहे तो लिस्ट्रा पुशेमुळे. आमच्याकडे ही गोष्ट पोराटोरांनाही ठाऊक आहे, पण जो तो ती माझ्यापासून सुरू करतो, मी पाण्यात पडलो तिथून. मला ते पटत नाही. गोष्ट तिची आहे, तेव्हा तिच्यापासूनच सुरू करतो.

लिस्ट्रा चागवारामासच्या बोटयार्डात शिलाईचं काम करायची. बोटींचे पडदे, ताडपत्र्या, आणि मुख्य म्हणजे शर्यतीच्या मोठ्या बोटींच्या बैठका. त्या बोटी वेगात असल्या की पाण्यावर अशा आपटतात की बैठक चांगली नसेल तर माणसाचा मणका खिळखिळा होतो. म्हणून ती प्रत्येक गड्याला आधी वाळूच्या पोत्यावर बसवायची, त्याच्या बुडाचा ठसा घ्यायची आणि मगच फोम कापायची. शर्यत झाली की बैठका परत तिच्याकडे दुरुस्तीला यायच्या. शिवण कुठं उसवली आहे ते बघून ती सांगायची, "ही बोट डावीकडे पडते आहे." चालवणारे हसायचे आणि गुपचूप जाऊन डावी बाजू तपासायचे.

इतकी वर्षं तिनं बैठका शिवल्या, पण कुणी तिला त्यांतल्या एकीवर बसवून फेरी मारून आणली नाही. तिनं एकदोनदा विचारलंही होतं. "विमा नाही गं," "आज वारा आहे गं," असं काहीबाही सांगून लोकांनी वेळ मारून नेली. तिचा नवरा गार्विन स्वतः त्या बोटींवर असायचा. अशा बोटीत दोघं असतात, एक चाक धरतो आणि दुसरा वेग सांभाळतो. गार्विन वेगावर. त्यानंही तिला कधी नेलं नाही. तो म्हणायचा, "बायकोला घेऊन गेलो तर पोरं काय म्हणतील?"

मग एका वर्षी मोठ्या शर्यतीत, खाडीच्या तोंडाशी, गार्विनची बोट नाक वर करून उलटली. चाकावरचा गडी थोडक्यात सुटला. गार्विन कित्येक महिने पाठीवर पडून होता. पुढं काठी घेऊन चालायला लागला, पण डावा पाय ओढतच. बरा झाल्यावर तो लिस्ट्राला म्हणाला होता, "तुझ्या गादीनं वाचवलं मला. दुसऱ्या कुणाची असती तर कंबरेतून दोन तुकडे झाले असते." एवढं मात्र त्यानं मोकळ्या मनानं मान्य केलं. पण समुद्राचं नाव टाकलं. त्यांचं घर चढावर आहे, गॅलरीतून सगळा उपसागर दिसतो. गार्विननं आपली खुर्ची फिरवून रस्त्याकडे तोंड करून ठेवली आणि दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघत बसायला लागला. लिस्ट्रानं ती खुर्ची कधी परत फिरवली नाही. झाडताना उचलली तरी होती तशीच ठेवायची.

लिस्ट्राचं रिमोटच्या बोटींचं सुरू झालं ते एका तंबूपासून. आमच्या क्लबचा तंबू फाटला होता, तो शिवून ती विल्यम्स बेला द्यायला आली. बूधाई म्हणून आमच्यातला एक तरणा गडी आहे, वायरिंगची कामं करतो. तो तिला टँटी म्हणतो, म्हणजे मावशी. त्यानं गमतीनं आपला रिमोट तिच्या हातात दिला. "टँटी, एक फेरी मारा. बुडाली तर फिट्झ आहेच."

ती फेरी मी पिरोगीतून बघत होतो. पहिलं वळण तिनं लांबून घेतलं. दुसऱ्याला बोयाच्या, वळणावरच्या तरंगत्या खुणेच्या, इतक्या जवळून बोट काढली की बूधाईनं डोळे मिटले. फेरी संपल्यावर तिनं रिमोट परत केला, हात स्कर्टला पुसले आणि म्हणाली, "मला अशी एक बनवायची आहे. याहून मोठी."

"बनवायला कशाला, टँटी? तयार मिळते."

"तयार घ्यायला मी काय सोफा घेते आहे?"

त्यानंतर जवळजवळ वर्षभर त्यांच्या घराखाली, कपडे धुवायच्या जागेत, ते काम चाललं. तिनं आधी देवदाराच्या फळ्या आणि फोम जोडून बोटीचा आकार केला. दोन लांब पाय आणि मध्ये बोगदा, मोठ्या शर्यतीच्या बोटींसारखाच. तो घासूनपुसून गुळगुळीत केला, त्यावर मेण चढवलं, त्यावरून साचा काढला आणि मग साच्यात काचेचं आणि कार्बनचं कापड रेझिननं थरावर थर बसवलं. इथं तिचा हात कुणी धरू शकलं नाही. आम्ही कापड लावलं की कोपऱ्यात चुण्या पडतात, खाली हवा राहते. ती कापड तिरकं कापायची, जागोजाग छोट्या चिरा द्यायची आणि ते साच्यात असं बसायचं की जणू तिथंच विणलंय.

गार्विनला पत्ता लागला तो रेझिनच्या वासानं. त्यानं वरूनच हाक मारली, "लिस्ट्रा, खाली काय शिजतंय?"

"बोट."

"तू शिवणकाम कर. बोटी म्हणजे खेळ नाही."

"तुझ्यावर सोपवलं होतं ना बोटींचं काम. उलटी करून आलास."

असं कुणी दुसरं बोललं असतं तर गार्विननं काठी फेकून मारली असती. तिचं ऐकून त्यानं काठी भिंतीला टेकवली. दोन दिवसांनी जिन्यावरून ओरडला, "मागचा भाग जड ठेवू नकोस. नाक उचलेल." खाली मात्र उतरला नाही.

बोट झाली तेव्हा लिस्ट्रापेक्षा हातभर कमी लांबीची होती. लिस्ट्रा बुटकी आहे, पण तरी बोट मोठीच. आत दोन मोटरी, दोन्हींना गार ठेवायला समुद्राचं पाणी फिरवणाऱ्या बारीक नळ्या, मध्ये बॅटऱ्यांच्या विटा, मागे धारदार दोन पंखे. उरलेल्या सगळ्या पोकळीत तिनं फोम ठासून भरला होता. बूधाई म्हणाला, "टँटी, एवढा कशाला? वजन वाढतं." ती म्हणाली, "बुडायला मी बनवत नाहीये." रंग भडक केशरी. आणि नाव काय, तर ‘पोचले’. आमच्याकडे कुणाच्या फाटकाशी गेलं की आत हाक मारतात ना, पोचले गं, तसं.

पहिल्याच दिवशी ‘पोचले’ सरळ रेषेत सुसाट गेली, नाक वर केलं आणि पाठीवर आपटली. मी जाऊन उचलून आणली. झाकणावरची चिकटपट्टी एका बाजूनं सुटली होती आणि खारं पाणी आत शिरलं होतं. एक मोटर गेली. किनाऱ्यावर कुणीतरी म्हणालं, "नवऱ्यासारखंच चालवते." लिस्ट्रानं ऐकलं. बोट पालथी केली, पाणी काढलं, सगळ्या वायरी गोड्या पाण्यानं धुतल्या आणि घरी गेली. मग बॅटऱ्या बोटभर पुढं सरकवल्या. पुढल्या वेळी पुन्हा उलटली, पण उशिरा. पुन्हा बोटभर पुढं. असं करत करत बोट पाण्याला चिकटून धावायला लागली.

आमच्यातल्या बऱ्याच जणांच्या बोटी पेट्रोलवर चालतात, कानठळ्या बसवणाऱ्या. लिस्ट्राची बोट बारीक घुर्र असा आवाज करत जायची. म्हणून पोरांनी तिला ‘शिलाई मशीन’ म्हणायला सुरुवात केली. शर्यत सुरू व्हायच्या आधी कुणीतरी हमखास विचारायचं, "लिस्ट्रा, पँट लांब झालीय, टीप मारून देतेस का?" आणि ती म्हणायची, "आधी माझ्या पुढं जाऊन दाखव, मग कंबरेचं माप घेते." दोन-तीन महिन्यांत पँटवाले कमी झाले.

आता त्या रविवारचं सांगतो. पाऊसकाळ अजून लांब होता, पाणी ताटासारखं. आणि त्या दिवशी एक नवलाची गोष्ट झाली होती. गार्विन आला होता. लिस्ट्रानं पेलावचं, आमच्याकडच्या कोंबडी-भाताचं, मोठं पातेलं केलं होतं आणि ते मांडीवर धरायला गाडीत कुणीतरी हवं, असं तिनं त्याला सांगितलं होतं. पातेलं उतरवून झालं तरी तो गाडीतच बसून होता. दार उघडं, पाय बाहेर, तोंड झाडाकडे.

दुसरी फेरी चालू होती. ‘पोचले’ पुढं होती. लांबच्या बोयापाशी एकाची बोट बंद पडली, म्हणून मी पिरोग घेऊन निघालो. शर्यतीच्या वाटेबाहेरून वळसा घालत होतो. तेवढ्यात कुणाची तरी मोठी सहलीची लाँच उपसागराच्या तोंडाजवळून जोरात गेली. तिच्या लाटा आल्या तेव्हा मी वाकून बंद बोट पकडत होतो. पिरोग एका कुशीवर झाली, माझा खांदा काठावर आदळला आणि मी पाण्यात.

वर आलो तेव्हा उजवा हात हलत नव्हता. खांदा जागेवरून निखळला होता. पोहता मला लहानपणापासून येतं, पण तसल्या कळा असताना एका हातानं तरंगणंसुद्धा मुश्कील. आणि खरी भीती वेगळीच होती. माझा हात सुटल्यावर इंजिनचा दांडा एका बाजूला पडला होता आणि पिरोग रिकामी, चालू इंजिनावर, माझ्याभोवती गोल गोल फिरत होती. कधी लांबून, कधी जवळून. त्या पंख्यानं माणसाचं काय होतं ते मी पाहिलं आहे. एकदा ती इतक्या जवळून गेली की इंजिनाची ऊब तोंडाला लागली. मी बुडी मारली. वर आलो तेव्हा पाणी नाकातोंडात गेलं होतं. मी माझ्या आईला हाक मारली. ती जाऊन किती वर्षं झाली.

किनाऱ्यावर काय झालं ते मला नंतर बूधाईनं सांगितलं. दुसरी होडी जवळ नव्हती. दोघं पोहत निघाले, पण फिरणारी पिरोग बघून अर्ध्यावर थांबले. लिस्ट्रानं आपली बोट किनाऱ्याला आणली आणि ओरडली, "दोरी." बोया बांधायच्या तरंगत्या दोरीचं भेंडोळं तंबूत पडलं होतं. बूधाईनं तिचं टोक बोटीच्या पाठीवरच्या कडीला बांधलं. दोरी पंख्यात जाऊ नये म्हणून चौघं जण ती उंच धरून हळूहळू सोडत होते.

लिस्ट्राला किनाऱ्यावरून पिरोग कुठं आहे ते दिसत होतं, पण ती कधी कुठं येईल याचा अंदाज येत नव्हता. पिरोगीचं वर्तुळ सारखं सरकत होतं. तेव्हा तिच्या मागून आवाज आला, "घाई करू नकोस. दोन वळणं बघू दे मला."

गार्विन होता. काठी गाडीतच राहिली होती. झाडापासून पाण्यापर्यंत तो कसा आला ते कुणी पाहिलं नाही. तो तिच्या खांद्याला धरून उभा राहिला, डोळे पिरोगीवर. "आता हळू सोड. अजून हळू. थांब. थांब गं. ती पलीकडे गेली की मी सांगतो." आणि मग, "आता. दाब."

मला दिसलं ते एवढंच. ती केशरी बोट पाण्यावरून माझ्याकडे येत होती. वेगात आली, मग एकदम मंदावली, आणि शेवटचं अंतर ती इतक्या अलगद आली की नाक माझ्या छातीला टेकलं. पंखे थांबलेले होते. मी डावा हात तिच्या पाठीवरून टाकला आणि गाल टेकवला. तिनं माझं वजन घेतलं. आत एवढा फोम भरलेला होता म्हणून घेतलं. दोरी ताणली गेली आणि आम्ही दोघं किनाऱ्याकडे निघालो.

पिरोग परत आली. तिचं नाक बोटीच्या मागच्या भागावर बसलं आणि इंजिनाच्या पंख्यानं ‘पोचले’च्या उजव्या पायाचा मागचा तुकडा काकडीसारखा कापून नेला. कार्बनच्या कपच्या माझ्या पाठीवर पडल्या. पण पिरोग त्या धक्क्यानं दुसरीकडे वळली, पुढं वाळूवर चढली आणि तिथंच गुरगुरत राहिली. बोट बुडाली नाही. मीही नाही.

वाळूवर मला ओढून घेतल्यावर लिस्ट्रा गुडघ्यांवर बसली. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "फिट्झ, तू केवढा जड आहेस रे. मासे विकतोस की सगळे स्वतःच खातोस?" आणि मग रडली. गार्विन बाजूलाच पाण्यात बसला होता. पाय साथ देत नव्हता आणि त्याला उठायचंही नव्हतं.

दवाखान्यात खांदा बसवला, हात झोळीत बांधला. घरी आल्यावर मी पहिलं कुठं गेलो असेन तर त्यांच्या घराखाली. ‘पोचले’ टेबलावर पडली होती. एक मोटर गेलेली, दांडा वाकलेला, मागचा तुकडाच नाही. मी म्हणालो, "लिस्ट्रा, मी काय बोलू?"

"काही बोलू नकोस. डावा हात चालतो ना? मग रेझिन ढवळ."

त्या महिन्यात मला कळलं की आमची माणसं कशी आहेत. ‘शिलाई मशीन’ म्हणून चिडवणाऱ्यांपैकी एकानं आपल्या बोटीतली मोटर काढून आणली आणि म्हणाला, "माझी बोट तशीही मागेच असते." बूधाई रोज कामावरून परस्पर यायचा. कुणाची आई नारळाचा बेक, म्हणजे जाड भाकरी, पाठवायची, कुणी मॉबीच्या कडवट सरबताची बाटली. आणि गार्विन जिना उतरला. एक एक पायरी, कठडा धरून. सँडपेपर हातात घेतला आणि जिथं नवा तुकडा जुन्याला जोडला होता तिथं घासत बसला.

"अजून उंचवटा लागतोय," लिस्ट्रा म्हणायची.

"मला लागत नाहीये."

"तुझे हात राठ आहेत. गाल लावून बघ."

तो खरंच गाल लावून बघायचा. मी रेझिन ढवळत त्यांच्याकडे बघायचो आणि मनात म्हणायचो, हे बघायला मी उरलो नसतो.

जूनच्या शेवटी आमच्याकडे सेंट पीटरचा सण असतो. मासेमाऱ्यांचा संत. त्या दिवशी पाद्री किनाऱ्यावर येऊन एकेका होडीवर पवित्र पाणी शिंपडतात. सगळ्या पिरोगी रंगवून, पताका लावून ओळीत उभ्या असतात. मी माझी पिरोग उभी केली आणि तिच्या शेजारी दोन खोक्यांवर ‘पोचले’ ठेवली. पाद्री ओळीनं येत येत तिथं थांबले. "आणि हिच्यात कोण बसतं?"

"मी बसलो होतो, फादर," मी म्हणालो. "एकदाच."

त्यांनी कुणाकडून तरी ऐकलं असणार, कारण पुढं काही विचारलं नाही. माझ्या पिरोगीवर शिंपडलं त्याच्या दुप्पट पाणी तिच्यावर शिंपडलं. लिस्ट्रा पुटपुटली, "आत नका जाऊ देऊ, फादर, वायरी आहेत."

मग सगळ्या होड्या उपसागरात फेरीला निघाल्या. लिस्ट्रा रिमोट घेऊन माझ्या पिरोगीत चढली. गार्विन पाण्याच्या कडेशी उभा होता. मी हात पुढं केला, डावा. त्यानं माझ्याकडे पाहिलं, समुद्राकडे पाहिलं, आणि म्हणाला, "माणूस पडला की इंजिन बंद करणारी दोरी आता बसवलीस का?"

"बसवली. मनगटाला बांधलीय, बघ."

तो चढला. मधल्या फळीवर बसला, दोन्ही हातांनी काठ घट्ट धरून. पिरोगीच्या पुढं ‘पोचले’ चालली होती, होड्यांच्या संथ चालीनं, आणि काठावरची माणसं टाळ्या वाजवत होती. गार्विन सबंध फेरीत एकच वाक्य बोलला. "पाणी छान आहे आज."

पुढल्या मोसमात लिस्ट्रा एकंदरीत दुसरी आली. पहिला बूधाई. ती म्हणते त्यानं बोयाला घासून शॉर्टकट घेतला, बूधाई म्हणतो टँटीच्या चष्म्याचा नंबर वाढलाय. हा वाद मिटायचा नाही, आणि मिटावा असं मलाही वाटत नाही. यार्डातल्या एका मालकानं तिला मोठ्या बोटीवर फेरीसाठी बोलावलं. ती गेली, चाक धरलं, आणि परत आल्यावर म्हणाली, "बरी आहे. बैठक मात्र कुणी शिवलीय देव जाणे."

दर शुक्रवारी मी त्यांच्याकडे ताजा मासा घेऊन जातो. पहिल्या शुक्रवारी लिस्ट्रा म्हणाली होती, "हे उपकार फेडायचं वगैरे नको हं, फिट्झ." मी म्हटलं, फेडत नाहीये. मी पकडला, तो घेऊन आलो, एवढंच. तेव्हापासून ती मासा घेते, मला बसवते, आणि सकाळी समुद्र कसा होता ते विचारते. मी सांगतो. गार्विनही ऐकत असतो.